भोंग्याचा आवाज संध्याकाळपर्यंत

सकाळी उठल्यावर चहाचे पाणी ठेवण्याआधी ती नवऱ्याचा फोन पाहत असे. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, शेगडीपासून हातभर दूर, चार्जिंगला लावलेला असे. तिथे उन्हाची तिरीप पोचू नये म्हणून तिने जुन्या पँटच्या अस्तराचा एक तुकडा पडद्यासारखा ठोकला होता. फोन रात्रभर लावून ठेवायचा नाही, पहाटे लावायचा आणि निघण्याच्या अगदी आधी काढायचा, हा मुलीने घालून दिलेला नियम होता आणि तो या घरात देवाच्या दिव्यासारखा पाळला जाई.

फोन खिडकीत असेतोवर नवऱ्याला आवाज नसे. तो आरशासमोर उभा राहून गळ्याखालचे, श्वास घेण्याचे छिद्र ओल्या कापसाने पुसायचा, त्यावर तिने शिवलेली पातळ सुती झालर बांधायचा, आणि मग टेबलाशी येऊन बसायचा. दोन टकटकी म्हणजे चहा आणखी हवा. एक टकटक आणि भुवई वर, म्हणजे काल रात्री तू पुन्हा घोरत होतीस. ती म्हणायची, "मी नाही घोरत. घोरतो तो दुसराच कुणीतरी," आणि त्याचे खांदे हसण्याने हलायचे. आवाज गेला तरी हसणे खांद्यांत शिल्लक राहिले होते.

मग ती डबा भरायची, फोनची पिन काढायची, चार्ज पूर्ण झाल्याची खात्री करायची, आणि फोन त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून खिशाचे बटण स्वतः लावायची. तो जिना उतरेपर्यंत दारात उभी राहायची. तो कोपऱ्यावरून वळला की आत येऊन स्वतःच्या फोनवर नकाशा उघडायची. नकाशावरचा निळा ठिपका तो वळल्यानंतरही दिसत असे.

तो बस दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात सुट्या भागांच्या काउंटरवर होता. मागे छतापर्यंत मांडण्या, पुढे जाळीची खिडकी, आणि हाताशी एक मायक्रोफोन. उचललेल्या बसखाली खड्ड्यात उतरलेल्या मेस्त्रींचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले असत. ते खालूनच इंटरकॉमचे बटण कोपराने दाबून विचारायचे आणि काउंटरवरून उत्तर कर्ण्यातून साऱ्या शेडमध्ये घुमायचे. कोणते बेअरिंग, कोणत्या मापाचे, शिल्लक आहे की नाही, नसेल तर त्याऐवजी काय चालेल; आणि या सगळ्याला फोडणी म्हणून विचारणाऱ्याच्या अकलेविषयी दोन शब्द. या दोन शब्दांमुळेच त्याला भोंगा हे नाव पडले होते. मायक्रोफोन बंद पडला तरी त्याचे काम अडत नाही, असे म्हणत.

गळ्याचे दुखणे निघाले, स्वरयंत्र काढावे लागले. तो कामावर परतला तो फोन घेऊन. फोनवर मजकूर लिहायचा, एक बटण दाबायचे, आणि फोन मायक्रोफोनजवळ धरायचा. फोनमध्ये मराठी बोलणारा आवाज एकच होता आणि तो बाईचा होता. पहिल्या दिवशी कर्ण्यातून एका सुसंस्कृत बाईने "गिअरबॉक्सचं सील हवंय की नुसता टाइमपास करतोयस, गाढवा?" असे विचारले, तेव्हा शेडमधली सगळी हत्यारे क्षणभर थांबली आणि मग खड्ड्याखड्ड्यांतून हसू फुटले. तेव्हापासून तो काउंटरवर असला की त्याला वहिनी म्हणत. घरी येऊन त्याने हे सगळे तिला फोनमधून ऐकवले होते. तीही हसली होती, आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलीही होती.

अडचण एवढीच होती की दुपार कलली की वहिनी मुकी होई. फोन पार संपे. काउंटरच्या मागेच रंग आणि थिनरची खोली होती. तिथे एकदा चार्जरमुळे आग लागल्यापासून त्या भागात चार्जर किंवा पॉवर बँक नेण्यास सक्त मनाई होती. फोन आत नेऊ देणे हीच सवलत होती. बॅटरी बदलून झाली होती. दुकानदाराने फोन उघडून दाखवून सांगितले होते की नवी आहे, उत्तम आहे. तरीही तेच.

एके दिवशी दुपारनंतर खड्ड्यातून हाक आली, आणि काउंटरवरून उत्तर आले नाही. पुन्हा हाक आली. तो चिठ्ठीवर माप लिहून धावत निघाला, तोवर एका उतावळ्या मदतनिसाने मांडणीतून अंदाजाने बेअरिंग उचलून खाली दिले होते. बस चाचणीला बाहेर पडली आणि फाटकाशीच ओरडू लागली. कुणाला इजा झाली नाही. पण साहेबांनी त्याला खुर्चीवर बसवले आणि समजुतीच्या सुरात सांगितले की महिनाअखेरपर्यंत पाहू; संध्याकाळपर्यंत काउंटर बोलता राहिला तर ठीक, नाहीतर मागच्या गोदामात जागा आहे, पगारात फरक पडणार नाही, कुणाशी बोलावेही लागणार नाही. साहेबांना ही सोय वाटत होती.

त्या रात्री त्याने तिला फोनवर एकच वाक्य लिहून दाखवले, ऐकवले नाही. "गोदामात उंदीरसुद्धा एकमेकांशी बोलतात."

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी कंबर कसली. परगावी शिकणाऱ्या मुलीला फोन करून एकेक गोष्ट विचारून घेतली. पडद्याचा उजेड डोळे बारीक करण्याइतका मंद केला. पांढऱ्या पडद्याचा काळा केला. हात लावला नाही की पडदा लगेच मिटावा असे केले. फोन थरथरणे बंद, सूचना बंद, हवामान बंद, आपोआप फोटो चढवणे बंद. त्याच्या आवडत्या पत्त्यांच्या खेळाला त्याने स्वतःच्या हाताने सोडचिठ्ठी दिली. वारंवार लागणारी उत्तरे त्याने आधीच लिहून ठेवली, म्हणजे पडदा पेटता ठेवून टाइप करत बसायला नको. दिवसाची मुदत थोडी वाढली. पण संध्याकाळ दूरच राहिली.

मग एका आठवड्यात संध्याकाळ अचानक गाठली गेली. फोन कामाची वेळ संपेपर्यंत टिकू लागला. ती खूश झाली. त्याच्याकडून मात्र खांदे हलण्यापलीकडे काही आले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर फोन पुन्हा चार्जिंगला लागला तरी तो फारसे लिहीनासा झाला होता. दमला असेल, असे ती म्हणाली.

ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात शिवणाचे काम करत असे: पँटची किनार मोडणे, चेन बदलणे, फाटले ते न दिसेसे जोडणे. तिच्या मशीनच्या खणात दोरे, खडू आणि टाचण्या होत्या, आणि मशीनच्या टेबलावर, उजव्या हाताशी, फोन. दर किनारीनंतर ती नकाशा पाही. निळा ठिपका कारखान्याच्या शेडवर असला की पुढची पँट घेई. पण तो ठिपका शहाणा नव्हता. कधी तो उडी मारून थेट रस्त्यावर जाई, कधी पलीकडच्या नाल्यात. मग ती शिवण सोडून पुन्हा पुन्हा उघडून पाही, ठिपका शेडमध्ये परत येईपर्यंत. ऑपरेशननंतर महिन्याभरात तो एकदा रस्त्यात चक्कर येऊन पडला होता. हाक मारायला गळा नव्हता. लोक शेजारून गेले, कारण ओरडत नाही तो माणूस बसला आहे असेच लोक धरून चालतात. त्यानंतर मुलीने दोघांच्याही फोनवर हे ॲप घातले होते.

एका दुपारी खड्ड्यातले थोरले मेस्त्री डांगरीची चेन बदलायला दुकानात आले. चेन होईपर्यंत ते स्टुलावर बसले आणि दुकानातल्या कपड्यांच्या वासाविषयी, पायाच्या दुखण्याविषयी बोलून झाल्यावर म्हणाले,

"वहिनी, म्हणजे खऱ्या वहिनी, तुमच्या नवऱ्यानं आमच्याशी कट्टी घेतलीय का?"

तिने पेडलवरचा पाय उचलला. मशीन थांबले.

"का? काय झालं?"

"काही झालं नाही, तेच तर म्हणतोय. आधी एक सील मागितलं की सील मिळायचं आणि वर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आता काय? 'आहे.' 'नाही.' 'थांब.' माझी पोरं मुद्दाम चुकीची नावं सांगतात, शिवी मिळावी म्हणून. शिवीसुद्धा नाही." त्यांनी चेन वरखाली करून पाहिली. "काउंटर चालू आहे बरं का. साहेब खूश आहेत. पण भोंगा नाही तिथं."

ते गेल्यावर तिला कळले की संध्याकाळ कशी गाठली गेली. त्याने बॅटरी वाचवली नव्हती. बोलणे वाचवले होते.

रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने खिडकीतला फोन हातात घेतला. बॅटरी कशात जाते ते फोनच सांगतो, हे मुलीने मागेच दाखवून दिले होते; ते काम त्याच्याकडे होते म्हणून तिने कधी पाहिले नव्हते. आता पाहिले. सगळ्यात वर नकाशाचे ते ॲप होते. बोलण्याचे ॲप त्याच्या कितीतरी खाली. बाकी सगळ्यांना त्याने लगाम घातला होता, कॅमेऱ्यालासुद्धा. फक्त या एकाला त्याने बोट लावले नव्हते.

तिने गॅलरीत जाऊन मुलीला फोन लावला आणि विचारले की मी माझ्या फोनवर पाहते, त्याने बाबांच्या फोनची बॅटरी कशी जाईल.

मुलीने सांगितले की आईने नकाशा उघडला की बाबांचा फोन आपण कुठे आहोत ते शोधायला लागतो. शेडवर पत्रा आहे, पत्र्याखाली त्याला नीट सापडत नाही, म्हणून तो शोधतच राहतो आणि चुकीची जागा सांगतो. चुकीची जागा दिसली की आई पुन्हा पाहते.

"मी बाबांना हे सांगितलं होतं, आई. बरेच दिवस झाले."

"मग?"

"म्हणाले, ते राहू दे. मी कमी बोलतो."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. तिने कठडा धरला. कठड्यावर काल वाळत घातलेली त्याची झालर होती. ती तिने काढून घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"बंद करायचं असेल तर करू," मुलगी म्हणाली. "पण बाबा कुठं पडले तर? एक शिट्टी दे ना त्यांना. गळ्यात अडकवायला."

"अगं, फुंकायची कशी?"

दोघींनाही एकदमच हसू आले, आणि ते फार वेळ टिकले नाही.

"तोंडानं नाही," ती म्हणाली. "हात आहेत की त्यांना. बघते मी."

मुलीच्या लहानपणाच्या सायकलचा रबरी फुग्याचा हॉर्न माळ्यावरच्या पेटीत होता. रबर जरा कडक झाले होते. तिने ते कोमट पाण्यात ठेवले, पुसले, दाबून पाहिले. आवाज असा निघाला की न्हाणीघराचे दार उघडून तो टॉवेलवरच बाहेर आला. तिने त्याच्याकडे न पाहता त्याची कामाची पँट मांडीवर घेतली आणि डाव्या कमरेशी, हात सहज पडेल तिथे, जाड कापडाचा खिसा शिवायला सुरुवात केली. खिसा अरुंद ठेवला, म्हणजे हॉर्न हलणार नाही आणि पडल्यावर अंगाखाली दबला तरी वाजेल. दुहेरी टीप घातली.

त्याने टेबलावर टकटक केली आणि हॉर्नकडे बोट दाखवले.

"शिट्टी तुम्हाला जमायची नाही," ती म्हणाली. "चक्कर आली तर खाली बसायच्या आधी हे दाबायचं. दाबत राहायचं. लाज वाटली तरी."

त्याने हॉर्न हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग फोन चार्जरवरून काढला, म्हणजे नियम मोडला, आणि लिहिले. फोनमधली बाई म्हणाली, "भोंग्याला भोंगा. मेस्त्री लोक वर्षभर जेवतील यावर."

"जेवू देत."

त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि हॉर्न नव्या खिशात बसवला.

सोमवारी सकाळी चहा झाला, डबा झाला. तो चपला घालत असताना ती खिडकीशी गेली. पिन काढली. चार्ज पाहिला. मग नकाशाचे ॲप उघडून तिने त्याचे ठिकाण कळवणे बंद केले. ॲपने विचारले, खरेच बंद करायचे का. तिने हो दाबले. तिच्या फोनवरून तिने ॲपच काढून टाकले, कारण तिला स्वतःची खात्री नव्हती. फोन त्याच्या खिशात घातला, बटण लावले, आणि कमरेच्या नव्या खिशावरून एकदा हात फिरवला.

"आज कंजूषपणा नको," ती म्हणाली. "ज्याला शिव्या द्यायच्या त्याला पूर्ण द्या. फोन टिकेल."

पायरीवर त्याचा पाय थांबला. तो वळला नाही. हात मागे करून त्याने कठड्यावर दोन टकटकी केल्या आणि उतरत गेला. तो कोपऱ्यावरून वळला, आणि या वेळी खरोखरच दिसेनासा झाला.

दुकानात त्या दिवशी लग्नाला निघालेल्या कुणाच्या तरी पँटींचा ढीग होता. तिने फोन टेबलावर ठेवला नाही, खणात ठेवला, दोऱ्यांच्या खाली. पहिल्या किनारीनंतर उजवा हात टेबलाकडे गेला आणि रिकाम्या लाकडावर पडला. दुसऱ्या किनारीनंतरही गेला. तिने मग उजव्या बाजूला कात्री ठेवली, म्हणजे हाताला काहीतरी मिळावे.

दुपार कलली. इस्त्री करणाऱ्या मालकीणबाईंनी विचारले, आज फोन बिघडलाय वाटतं.

"नाही," ती म्हणाली, "चांगला आहे."

पुढच्या पँटला खूण करायला खडू हवा होता. तिने खण उघडला. दोऱ्यांच्या रिळांमधून फोनची काळी कड दिसत होती. तिने खडू घेतला, खण ढकलून बंद केला, आणि घोट्यापाशी, जिथे किनार मोडायची तिथे, सरळ रेघ ओढली.