ओढणारी नळी

"दाबून काय बघताय? पेरू आहे का तो? नळी ओढून बघायची असते."

बाबांनी चष्मेवाल्याच्या हातातली निळी नळी काढून घेतली. गाड्यांच्या सीटा साफ करायच्या व्हॅक्यूमचं तोंड तिच्या एका टोकाला बसवलं, दुसऱ्या टोकावर तळहात ठेवला आणि बटण दाबलं. हवेने फुगली असती तर दिमाखात उभी राहिली असती ती नळी. पण हवा ओढली जाताच तिच्या भिंती एकमेकींना चिकटल्या. मधोमध पार चपटी झाली.

"बघा. टर्बो मागायला लागला की ही अशी मान टाकणार."

"पण काय झकास दिसत होती हो!" चष्मेवाला हळहळला. त्याचं चष्म्यांचं दुकान याच रस्त्यावर होतं. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पण टर्बोची, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, म्हणून तो तिच्यावर जीव टाकायचा. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणाऱ्या मूळ नळीला चीर गेली होती आणि नवी कुठली बसवायची यावर सकाळपासून खल चालला होता.

"दिसायला बॉनेट उघडं ठेवून हिंडणार आहात का? टर्बोच्या पुढची नळी वेगळी, तिच्यातून हवा ढकलली जाते. ही ओढणारी नळी. हिला ताठ कणा लागतो."

बाबांच्या गॅरेजच्या मागच्या दारात, आपल्या तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन उभी असलेली ती हे ऐकत होती. 'ओढणारी नळी.' शब्द मनात कुठेतरी अडकला आणि सुटेना.

नवरा बदलीच्या गावी घर शोधत होता, तोवर ती माहेरी, आई-बाबांकडे राहायला आली होती. तीन महिन्यांची ठमी. हे नाव आजोबांनी, म्हणजे बाबांनीच ठेवलेलं; खरं नाव कुणाच्या तोंडात बसलंच नव्हतं. ठमीच्या श्वासाबरोबर एक बारीक शीळ यायची. दूध पिताना जास्त, रडून दमली की त्याहून जास्त. पहिल्यांदा ऐकली तेव्हाच तिच्या काळजात चर्र झालं होतं. पण आई म्हणाली, "नाक चोंदलं असेल गं. तान्ह्या बाळांचं असंच असतं." आणि मग बाबांनी ठमीच्या छातीला कान लावला, डोळे मिटले, आणि निकाल दिला, "यंत्र ठणठणीत आहे. कुठे शीळ? तुझ्या डोक्यात आहे शीळ."

बाबांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. लांबलांबून लोक गाड्या आणायचे ते त्या कानासाठी. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला टेकवून, चालू इंजिनात कुठली बेअरिंग कुरकुरतेय हे ते सांगायचे आणि उघडल्यावर तीच निघायची. त्यामुळे फोनवर नवराही म्हणायचा, "बाबांनी ऐकलं ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस?" तिचं शिक्षण झालेलं, पुस्तकं वाचलेली; पण बाबांनी कान लावून सांगितल्यावर डॉक्टरकडे जायचं म्हणजे बाबांवरच अविश्वास. आज जाऊ, उद्या जाऊ करत ती गप्प राहिली होती. मात्र ठमी झोपली की शेजारी बसून तिचा श्वास ऐकत राहायची.

शेवटी बाबांनी अॅल्युमिनियमची नळी निवडली. "ही तापते," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "गरम हवा गेली की टर्बो धापा टाकतो. म्हणून वरून उष्णतेची पट्टी गुंडाळायची आणि फिल्टर पुढे, दिव्याच्या मागे न्यायचा, गार हवेत. दोन्ही टोकांना आखूड रबरी जोड. वळण एकच, तेही सैल."

"आणि जोडातून हवा गेली तर?"

"धूळ आत जाईल. टर्बोचा पंखा खलास. म्हणून तर जोडावरचे क्लॅम्प मी स्वतः आवळतो, कुणाला हात लावू देत नाही."

दुपारपर्यंत नळी बसली. चष्मेवाला गाडीत बसला, बाबा बॉनेटपाशी. "चालू करा. हळूहळू रेस द्या."

इंजिनाने घसा साफ केला, गुरगुरलं, चढलं. आणि त्या गुरगुराटाच्या वर, सुईसारखी बारीक, एक शीळ उठली.

तिने ठमीकडे पाहिलं. खांद्यावरच्या ठमीच्या श्वासातून तशीच शीळ येत होती. दोन्ही आवाज एकाच जातीचे.

चष्मेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "शीळ कसली येतेय हो?"

"कसली शीळ?" बाबा नळीवर वाकले. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "काही नाही. चोख आहे."

"अहो, चांगली ऐकू येतेय की!"

"तुमचे कान की माझे? तुम्ही डोळ्यांचं बघा, कानांचं मी बघतो."

एरवी चष्मेवाला हसला असता. आता त्याने बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नजर स्टिअरिंगवर नेली.

तिच्या लक्षात आलं. शीळ बारीक होती आणि बाबांच्या कानांपर्यंत पोहोचतच नव्हती. बेअरिंगची कुरकुर, इंजिनाची घरघर त्यांना अजून ऐकू येत असेल. पण एवढं बारीक काही नाही. म्हणजे ठमीच्या छातीला कान लावून त्यांनी जे ऐकलं होतं, ते काहीच नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. चष्मेवालाही गप्प बसला असता. ती ठमीला सावरत पुढे गेली.

"रेस धरून ठेवा, काका."

टर्बोकडच्या जोडावर, रबराच्या कडेला, तिने बोट टेकवलं. शीळ थांबली. बोट उचललं. शीळ आली. पुन्हा टेकवलं. चष्मेवाल्याचा चेहरा त्या बोटाबरोबर बदलत होता आणि बाबा तो चेहरा बघत होते.

त्यांनी तिचं बोट अलगद बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. हवेने बोटाची कातडी आत ओढली. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन क्लॅम्प आवळला. दोन फेरे.

"गेली?" त्यांनी विचारलं. तिला.

"गेली."

इंजिन बंद झालं. बाबांनी साबणाने हात धुतले, नखांच्या कडांपर्यंत. तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ठमीचं पण असंच होतं?"

"हो, बाबा."

"श्वास सोडताना?"

"नाही. ओढताना."

बाबांची नजर बाजूला पडलेल्या निळ्या नळीकडे गेली. त्यांनी ठमीच्या फ्रॉकची वरची गुंडी सोडली. श्वास ओढला की गळ्याखालची खळी आत जायची, खोल. सोडला की वर यायची. आतापर्यंत ते कानांनीच पाहत आले होते, डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"चला," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "गाडी फिरवून बघायचीच आहे ना? दवाखान्यावरून फिरवू."

डॉक्टरीणबाईंनी ठमीला उताणं ठेवून ऐकलं, मग कुशीवर वळवून ऐकलं. "आजोबा, हा आवाज कधीपासून येतो? दूध पिताना वाढतो का?"

खोलीत सगळ्यांत वयाने मोठं माणूस तेच होतं. साहजिकच प्रश्न त्यांना आला. तिने बाबांकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "हिला विचारा. हिचा कान चांगला आहे."

इतक्या सरळ म्हणाले की डॉक्टरीणबाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या तिच्याकडे वळल्या आणि तिने सगळं सांगितलं.

"श्वासनळीचं वरचं तोंड मऊ वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक बाळांचं वाढत्या वयात आपोआप घट्ट होतं. पण हिचं वजन कमी आहे. मोठ्या रुग्णालयात दुर्बीण घालून बघू, उद्याच. अजून उशीर नको."

'अजून' या शब्दावर बाबांनी मान खाली घातली.

परतताना चष्मेवाला गाडी जपून हाकत होता. चढ आला, त्याने पाय दाबला, टर्बोने हवा मागितली आणि नळीने ती मुकाट दिली. बाबा मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसले होते. ठमी तिच्या मांडीवर झोपलेली.

"येतो का आवाज?" ते कुजबुजले.

"गाडीचा नाही."

"हिचा?"

"येतोय."

त्यांनी मान हलवली. मग आपला रुंद तळहात ठमीच्या छातीवर ठेवला, भार न देता, आणि घर येईपर्यंत उचलला नाही.