हवेत थांबलेलं विमान

मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणालाही विमान आठवणार नाही. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात, हरिभाऊंच्या बाहेरच्या खोलीत, टेबलाखाली बसलेला मी एक जुना संगणक आहे. रंग उडालेला, एका बाजूचा स्क्रू हरवलेला आणि खरं सांगायचं तर स्वभावाने भित्रा. घरातले दिवे जरा मंद झाले तरी आता वीज जाणार असंच मला वाटतं. तरीही मी विमान उडवलं आहे, आणि ते कसं उडवलं हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझी जुळणी झोटवाड्यातल्या एका दुकानात झाली. हरिभाऊंनी मला त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी, कीर्तीसाठी घेतलं. कीर्ती माझ्यावर अभ्यास करायची, मैत्रिणींना माझं कौतुक सांगायची. दसऱ्याला मला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट लागायचं. पुढे तिला नोकरी लागली, अंदमानला बदली झाली आणि मी टेबलाखाली एकटा उरलो. उन्हाळ्यात आंधी सुटली की खिडकीच्या फटीतून येणारी निम्मी धूळ माझ्याच पोटात जायची. मला उघडून बघायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

मग एके दिवशी कीर्तीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिथलाच आणि लग्नही तिथेच. तिच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, आनंदाने डोळे पुसले. हरिभाऊ मात्र खुर्चीत बसले ते उठेचनात.

हरिभाऊ मूळचे साताऱ्याचे. विमा कंपनीतल्या नोकरीमुळे बदलीने जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात ते कधी विमानात बसले नव्हते. अपघाताचे दावे तपासण्यातच सगळी हयात गेल्यामुळे काय काय बिघडू शकतं हे त्यांना नको तितकं माहीत होतं. कीर्ती सुट्टीवर यायला निघाली की ती उतरल्याचा फोन येईपर्यंत त्यांना घोटभर पाणीही जात नसे. अंदमानला रेल्वे जात नाही, आणि बोटीचं म्हणाल तर त्यांना बोट लागते.

"मी नाही आलो तर चालेल का गं?" त्यांनी एकदा हळूच विचारलं.

"पोरीचं लग्न बापाशिवाय लावायचं का?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "अहो, लोक रोज जातात. बसायचं, चॉकलेट चघळायचं, उतरायचं. लहान मुलंसुद्धा घाबरत नाहीत!"

तिकिटं काढून झाली होती. हरिभाऊंची झोप उडाली होती.

उपाय सुचवला तो समोरच्या घरातल्या यतीनने. बँकेतल्या मराठी साहेबांचा हा मुलगा जन्मापासून जयपुरात वाढलेला, त्यामुळे मराठी अडखळत बोलतो. घरी बसूनच संगणकाची नोकरी करतो. "काका, विमान उडवायचा एक प्रोग्राम असतो," तो म्हणाला. "मतलब, एकदम खरं वाटतं. रोज उडवा, डर निघून जाईल." त्याने तो प्रोग्राम माझ्यात भरला आणि मला एक जॉयस्टिक जोडून दिली.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! ढग, नद्या, धावपट्ट्या, इंजिनांचा आवाज, सगळं एकाच वेळी मेमरीत धरून ठेवायचं. माझा पंखा ऊर फुटल्यासारखा धावू लागला. हे आपल्याला झेपणार नाही असं मला वाटत होतं. तेवढ्यात हरिभाऊंचा हात जॉयस्टिकवर आला. तो घामाने ओला होता. या खोलीत माझ्याहून भित्रं कुणीतरी आहे हे मला कळलं, आणि का कोण जाणे, मी नेटाने कामाला लागलो.

हळूहळू हरिभाऊ शिकले. जयपूरहून उडायचं, कोलकात्याला उतरायचं, कारण अंदमानचं विमान तिथेच बदलायचं होतं. कुठल्या आवाजाला घाबरायचं नाही, पंख का थरथरतो, सगळं ते मन लावून वाचत. जेवताना विमानाच्या गप्पा मारू लागले. रत्नप्रभाबाई हसून म्हणत, "आमचे वैमानिक आले, भाकरी वाढा!"

आणि मग एका दुपारी घात झाला. कोलकाता जवळ आलं होतं. चाकं खाली आली होती, घरांची छपरं दिसू लागली होती, आणि मी अडकलो. चित्र जागच्या जागी गोठलं. इंजिनाचा आवाज एकाच सुरावर घर्र करत राहिला. मग सगळं नाहीसं झालं आणि पडद्यावर मेमरी संपल्याची सूचना तेवढी आली. हरिभाऊंचा हात जॉयस्टिकवरून निघेना.

"कोसळलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

यतीन धावत आला. त्याने मला उघडलं, धूळ उडवली, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं पेन्सिलच्या रबराने घासली आणि पुन्हा बसवल्या. मी सुरू झालो. त्याच्यादेखत विमान झकास उतरलं. पण दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी त्याने चित्राचा दर्जा कमी केला, जास्तीचे देखावे काढून टाकले आणि मला पुन्हा सुरू केलं. विमान पुन्हा झकास उतरलं. काही दिवसांनी पुन्हा गोठलं, तेही उतरतानाच. यतीनसमोर मी शहाण्यासारखा वागतो आणि त्याची पाठ वळली की घात करतो, असं सगळ्यांना वाटू लागलं. मला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. कारण मला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. हा प्रोग्राम माझ्याकडून मेमरीतली जागा मागून घेतो आणि काम झालं तरी सगळी परत करत नाही. तो बंद केला की जागा मोकळी होते. हरिभाऊ तो कधीच बंद करत नसत. जागा भरत जायची, आणि कोलकात्याची हजारो घरं एकदम आत आली की माझा श्वास कोंडायचा.

हरिभाऊंनी मात्र वेगळाच अर्थ काढला. "हा इशारा आहे," ते एका सकाळी म्हणाले. "मी येणार नाही. तू एकटी जा." आणि राजा पार्कातल्या शिंप्याकडे लग्नाचे कपडे शिवायला टाकले होते, ते नको म्हणून सांगायला निघून गेले.

त्या दिवशी पहिल्यांदाच रत्नप्रभाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी यतीनला हाक मारली. यतीन माझ्यासमोर बसला. पडद्यावर विमान ढगांच्या वर थांबवून ठेवलेलं होतं.

"काकू, हे कधीपासून चालू आहे?"

"परवापासून असेल. मधे चहाला, झोपायला उठतात तेव्हा ते नुसतं थांबवून ठेवतात. बंद करू देत नाहीत कुणाला."

यतीनने कपाळावर हात मारून घेतला. मेमरी किती भरली आहे हे त्याने पाहिलं. काठोकाठ भरली होती. त्याने प्रोग्राम बंद करायला माउसवर हात ठेवला, तोच दारातून आवाज आला.

"थांब! हात लावू नकोस!"

विमान कुणी बंद करेल या धास्तीने हरिभाऊ अर्ध्या वाटेवरून परत आले होते. ते धापा टाकत होते. "अरे, ते हवेत आहे. हवेतच कसं बंद करतोस?"

"पण काका, हा तर प्रोग्राम आहे..."

"माहीत आहे मला!" हरिभाऊ ओरडले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी त्यात रोज कीर्तीला बसवतो. खिडकीपाशी. तिला मधेच कसं सोडू?"

यतीन खुर्चीवरून उठला. "काका, पुढे उडवलं तर ते उतरताना अटकणारच," तो हळू म्हणाला. "जागाच नाही उरली. म्हणून तुम्हीच बंद करा. मी नाही करत."

हरिभाऊ खुर्चीत बसले. दाबावं की नाही, दाबावं की नाही, असा माउसचा बाण प्रोग्राम बंद करायच्या बटणाभोवती फिरत राहिला. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हरिभाऊंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

विमान गेलं. ढग गेले. पडद्यावर रोजचं निळं चित्र आलं.

हरिभाऊंनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कीर्तीला लावला. "काही नाही गं," ते म्हणाले. "कुठे आहेस? ऑफिसात? जेवलीस का?" फोन ठेवून त्यांनी रुमालाने चेहरा पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "यतीन, पुन्हा सुरू कर. जयपूरपासून."

त्या संध्याकाळी आम्ही कोलकात्याला उतरलो. मी एकदाही अडखळलो नाही.

ठरलेल्या दिवशी दोघं गेले. जाताना हरिभाऊंनी मला बंद केलं. मी पुन्हा जागा झालो तेव्हा ते उन्हाने रापून परतले होते आणि यतीनला हकीकत सांगत होते. लग्न छान झालं. जाताना समुद्रावर विमान जोरात हादरलं. हरिभाऊंनी शेजारी पाहिलं, तर रत्नप्रभाबाई डोळे गच्च मिटून बसलेल्या. त्याही पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. "घरी मला हसत होती," हरिभाऊ म्हणाले, "आणि स्वतः इतके दिवस आतून लटपटत होती. दोघंही घाबरलो असतो तर पोरीकडे जाणार कोण, म्हणते!" हादरे थांबेपर्यंत त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता आणि पंख का थरथरतो हे तिला समजावून सांगितलं होतं.

काल त्यांनी रत्नप्रभाबाईंना माझ्यासमोर बसवलं. "आता तू उडव," म्हणाले. बाईंचा हात जॉयस्टिकवर आला. तोही ओलाच होता.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना संगणक असेल तर काम झाल्यावर त्याला बंद करा, त्याची धूळ झटका, त्याला जरा विसावा द्या. आणि त्याच्यासमोर कुणी भीत भीत येऊन बसलं, तर हसू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा.