उकंड्यावरची जीप

माह्या पुरनाच्या परातीत जीपच्या बेरिंगा भिजत पडल्या, तेव्हाच मी समजली का या घरात आता सनवार राह्यला नाई. पिठाच्या डब्याच्या झाकनात नट, दह्याच्या गंजात बोल्ट, अन् दुपारची मी ज्या गोधडीवर आंग टाकत होती तिच्यावर गिअरबॉक्स निवांत पडलेला. म्हनलं, "अविनाश, हे घर हाये का गॅरेज?" तर तो जीपखालूनच म्हनते, "आई, तो तेरा नंबरचा पान्हा दे बरं इकडं." अन् मी बी येडी, शिव्या देता देता पान्हा शोधून देल्ला.

अविनाश माहा पोरगा. धाड गावात त्याचं मोटारी भरायचं दुकान हाये, विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी. जीपमधलं त्याले काई कळत नाई. जे करून राह्यला ते सारं मोबाइलवर पाहून. पन हट्टी लय. बापावर गेला.

बाप म्हंजे आमचे हे, उकंडराव. धाड–बुलढाणा रोडवर यायनं उभी जिंदगी सीटा भरल्या. जीप दुरून दिसायच्या आधी बाया हॉर्नवरून वळखत, "उकंडरावची आली" म्हनत अन् पिशव्या उचलत. मंग यायले शुगर झाली. पायाच्या अंगठ्याले जखम झाली ती यायनं माह्यापासून लपवली. मी वरडली तं म्हने, "खडा लागला वं." त्या खड्यापायी उजवा पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून आले अन् भिंतीकडं तोंड करून जे निजले, ते निजलेच. नव्या कोऱ्या कुबड्या खुंटीले टांगल्या, त्या तशाच. मी मुद्दाम त्यायच्यावर ओला टावेल वाळत घालत जाय, का चिडून तरी उठतील. नाई उठले. म्हनत, "अर्ध्या मानसाले कुठं फिरवता?" मी भांडखोर बाई हाये, सारी गल्ली सांगन. पन या एका बोलन्यापुढं माही जीभ उचलत नव्हती. रडू येत होतं, अन् रडली तं ते दिसन म्हनून मी जाऊन भांडे घासत बसत होती.

एक दिवस अविनाश खाटेपाशी बसला. म्हने, "बाबा, तुमचा डावा पाय शाबूत हाये. क्लच दाबता येते. ब्रेक अन् रेस मी हातानं चालन असं करून देतो. रोडवर नका नेऊ, आपल्या वावरापर्यंत न्या." यायनं भिंतीकडचं तोंड काई फिरवलं नाई. पन बोलले. "पह्यले चालू करून दाखव. चालली, तं उतरवतो कुबड्या."

बस! तेवढ्यावर आम्ही मायलेकानं सारी जीप खोलली. इतके दिवस पत्र्याखाली उभी राहून तिचं सारं जाम झालं होतं. मी बोल्ट डिझेलनं धुतले, पुसले, अन् कोनता कुठचा ते इसरून गेली. अविनाशनं ब्रेकले लोखंडाचा दांडा वेल्ड करून स्टिअरिंगच्या बाजूले उभा आनला. रेसले ट्रॅक्टरसारखी हाताची दांडी लावली. एका पायाच्या मानसाले सरकून बसता यावं म्हनून सीट खाली घेतली. तिच्याखाली डिझेलची टाकी होती, ती उचलून मागच्या बाजूले बसवली. सारं जोडून झालं अन् मूठभर नट उरले.

"हे कुठचे बे?"

"उरतातच आई थोडेफार."

"झंपर शिवल्यावर बटन उरलं तं कुठं ना कुठं काज उघडं असते, लेका."

तो हसला. पन गाडी चालू झाली! आमचं आंगन रस्त्याकडं उतरतं हाये, अन् जीप रस्त्याकडं तोंड करून, निंघायची घाई झाल्यासारखी उभी होती. धूर निंघाला, कोंबड्या पळाल्या, मी तं टाळ्या वाजवल्या. आतून खाट करकरली. हे कुशीवर वळले होते! मी दारातून पाह्यलं, यायचे डोळे उघडे, कान इकडं. अन् तेवढ्यात जीपनं दोन उचक्या देल्ल्या अन् मेली.

अविनाश म्हने हवा धरली. डिझेलच्या पाइपातली हवा काढली, चालू झाली. चार गोष्टी बोलून होत नाई तं पुन्हा बंद. फिल्टर बदलला. तेच. पाइपाचे सारे जोड साबनाचा फेस लावून तपासले, वायसर नवे टाकले. तेच. पंप खोलून दुकानात दाखवून आनला, ते म्हने पंप चांगला हाये. मी म्हनलं, "डिझेल तं हाये ना टाकीत?" त्यानं काडी बुडवून दाखवली. काडी ओली होती. डबाभर डिझेल त्यानं माह्यासमोरच टाकलं होतं.

जीप चालू झाली का यायची मान उचले, बंद पडली का पुन्हा भिंतीकडं. ते पाहून माह्या काळजाले घरं पडत होती. शेवटी एका सकाळी हेच आतून म्हनले, "राहू दे अविनाश. माह्यासारखीच हाये ते. भंगारवाल्याले बोलाव."

पोरगं पान्हे पुसून पेटीत ठेवू लागलं.

अन् माहं डोकं फिरलं. म्हनलं, असं कसं भंगारवाल्याले? या मानसाले बी त्याच्या मायनं असंच सोडून देल्लं असतं तं?

आता हे सांगावं लागते. आमच्याकडं शेनखताच्या ढिगाले उकंडा म्हनतात. यायच्या आधीची भावंडं जगली नाई. म्हनून हे जन्मले तसे माह्या सासूनं यायले उकंड्यावर नेऊन टाकलं. देवाले वाटावं का हे टाकून देल्लेलं लेकरू, याचा कोनाले लोभ नाई, याले नेऊन काय करू. लेकरू रडलं का शेजारनीनं उचलायचं, "हे माहं" म्हनायचं, अन् मायनं सूपभर जवारी देऊन तिच्यापासून ते सोडवून घ्यायचं. यायले उचललं होतं शेजारच्या तानाबाईच्या सासूनं. नाव बी मंग उकंडाच पडलं. अन् हे जगले.

मी तशीच तानाबाईकडं गेली. ती भाकरी थापत होती.

"ताना, चाल. आमची जीप उकंड्यावर टाकायची हाये."

"आशा, तुहं डोकं ठिकानावर हाये ना? लोखंडाले कोनी उकंड्यावर टाकते?"

"तुह्या सासूनं हाडामांसाचं उचललं, तू लोखंडाचं उचल. ऊठ!"

अविनाश हात जोडू लागला. "आई, लोकं हसतील वं."

"हसू दे. तुह्या मोबाइलवाल्यायनं काय दिवे लावले ते पाह्यलं मी."

उकंडा आमच्या आंगनाच्या मागंच. खत वावरात न्यायचे दिवस होते, ट्रॉली लावायसाठी एका बाजूनं उतार करून ठेवला होता, तो वाळून घट्ट झालेला. गल्लीतले चार जन बोलावले. हसले, पन जोर लावून जीप फिरवली अन् मागं ढकलत नेली. जीपची पुढची चाकं उकंड्यावर चढली, तोंड आभाळाकडं झालं, मागची चाकं खाली राह्यली. चाकांखाली दगड लावले.

मी तानाबाईले म्हनलं, "उचल."

"अशी कशी उचलू? पह्यले लेकरू रडलं पाहिजे. रडव."

अविनाशनं कपाळाले हात लावला. पन चढला, पाइपातली हवा काढली अन् चाबी फिरवली. जीप चालू झाली. आम्ही सारे उभे राह्यलो, ती मरायची वाट पाहत. ती मरेच ना. चार गोष्टी बोलून झाल्या असत्या, दहा झाल्या असत्या. अविनाशनं हळूच रेस वाढवली. जीप भरल्या पोटाच्या म्हशीसारखी शांत घुमत राह्यली.

तानाबाईनं बोनेटवर थाप मारली अन् वरडली, "हे माहं!"

तं घरातून आवाज आला, "कोनाचं काय माहं? आशे! माही जीप कुठं नेली? उकंड्यावर? कोन्या गाढवाची अक्कल हाये ही?"

अन् टक् टक् टक् टक्. दारात हे उभे. बनियान, लुंगी, तोंड रागानं लाल, दोन्ही काखेत कुबड्या. एका कुबडीले माहा ओला टावेल तसाच लोंबत होता. मले हसू बी फुटलं अन् डोळ्याले पानी बी आलं, कोनतं पह्यले आलं ते माहं मलेच समजलं नाई.

यायनं मले शिव्या द्यायले तोंड उघडलं, अन् तसंच ठेवलं. कान जीपकडं गेला. पाय टाकत, थांबत, जीपच्या मागं गेले, वाकून खालून पाह्यलं.

"अविनाश, टाकी उलटी बसवली का बे? पाइप मागच्या टोकाले हाये."

अविनाश उतरून पाहू लागला.

"आंगनात जीपचं तोंड खाली होतं, लेका. डिझेल सारं पुढं पळे, अन् मागं पाइप हवा पिऊन राह्यला होता. इथं तोंड वर हाये, डिझेल मागं आलं. टाकी पुरी भरली असती तरी चालली असती. कंजूस!"

मले एकदम समजलं. तळाशी राह्यलेलं ताक गंज तिरपा केल्याबिगर पळीत येत नाई, हे माहं रोजचंच काम अन् मले सुचलं नाई. अविनाश आपल्या डोक्यात टपल्या मारत होता. तानाबाई मात्र हार मानते थोडीच! "टाकी उलटी हाये हे उकंड्यानंच दाखवलं ना?" म्हने.

अविनाशनं चाबीकडं हात नेला. "बंद करून टाकी फिरवून घेतो, बाबा."

"हात लावू नको!"

यायनं कुबड्या अविनाशच्या हातात देल्ल्या. टपाच्या दांडीले धरलं, बूड टेकवलं, अन् सरकत आत गेले. डावा पाय क्लचवर ठेवला. उजव्या हातानं ब्रेकचा दांडा धरून पाह्यला, सोडला, पुन्हा धरला. मंग हॉर्न दाबला. तोच हॉर्न! रस्त्यानं जानारी एक म्हातारी थांबली अन् इकडंतिकडं पाहू लागली.

"बरं बाई," तानाबाईनं पदर पसरला, "जीप माही हाये. नेतो म्हनत असान तं सोडवून घ्या. सूपभर जवारी."

मी घरात गेली. खुंटी रिकामी होती. मी तिच्यावरून हात फिरवला. मंग सूप भरलं, बाहेर आली, तानाबाईच्या पदरात ओतलं. पुन्हा आत गेली, पुन्हा सूप भरून आनलं अन् ते बी ओतलं. तानाबाईनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् पदर घट्ट धरला.

हे जीपमधून वरडले, "दोन सुपं काऊन वं? जीप तं एक हाये!"

"एक जीपचं."

"अन् दुसरं?"

"अवो, तुमी कुठं बसले ते पाहा ना."

यायनं खाली पाह्यलं. चाकाखाली उकंडा होता. माही सासू जिथं यायले टाकून गेली होती, तोच. टावेल कुबडीवरून अविनाशच्या खांद्यावर आला होता, तो यायनं मागून घेतला, तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"दगड काढ बे," म्हनले, "रिव्हर्समंदीच उतरवतो. तोंड वर राह्यलं म्हंजे बंद पडत नाई."