नव्वद टक्के सावली

थांबा, त्या वळकटीवर बसू नका. ती मी आहे.

होय, मीच बोलतेय. कोल्हापुरातल्या एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, काथ्याने बांधून टाकलेली हिरवी जाळी. हिरवी म्हणायचं ते सवयीने. माझा रंग केव्हाच उडालाय आणि हात लावलात तर बोटांना भुसा लागेल. तरी ऐका. बोलायला कोणी भेटत नाही, आणि जे सांगायचंय ते आता आणखी लांबवून चालणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवले, त्यांच्या बारीक पट्ट्या ओढल्या आणि यंत्राने विणल्या. आम्ही चार बहिणी होतो: पस्तीस, पन्नास, पंचाहत्तर आणि नव्वद. शंभरातलं जेवढं ऊन आम्ही अडवतो तेवढा आमचा आकडा, तेच आमचं नाव. मी नव्वद, सगळ्यांत दाट. शेतीसामानाच्या दुकानात आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. पन्नासला रोज कोणीतरी मापून नेई. मी तशीच भिंतीला टेकलेली.

सत्त्याण्णव सालच्या सुरुवातीला एक बापलेक दुकानात आले. बाप गुरुपाद, लक्ष्मीपुरीतले कापडदुकानदार. कपाळाला भस्म, आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा. लेक शांभवी, विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकणारी, चपला घालायलाही न थांबणाऱ्या घाईची.

"पन्नास टक्के द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी पाहिजे."

गुरुपादांनी पन्नासचं टोक अंगठा आणि बोटात धरलं, चोळलं, उजेडाकडे करून पाहिलं. "ह्यातनं पलीकडचा माणूस दिसतोय की गं! हे कापड म्हणायचं का चाळण? मांजरपाट बी ह्याच्यापेक्षा घट्ट असतंय."

"आप्पा, आरपार दिसलंच पाहिजे. झाडांना ऊन लागतं."

"चाळीस वर्सं कापड विकतोय मी. विरळ माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा असतोय, आपल्या घरी न्यायचा नसतोय." मग त्यांचा हात माझ्यावर आला. अंगठा फिरला आणि थांबला. "हे बघ. ह्याला म्हणत्यात वीण. हे द्या."

शांभवीने पैसे काढले. आप्पा या कामासाठी पहिल्यांदाच दुकान सोडून तिच्याबरोबर आले होते. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर एक आकडा तिने सोडून दिला.

गच्चीवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा राहिला आणि मला त्यावर ताणून बांधलं. खालून शेजारच्या बाळासोंची हाक आली, "काय गुरुपादअण्णा, मांडव घातला न्हवं? आम्हाला पत्रिका न्हाई ती!"

"मांडव न्हाई, शांभवीचं हरितगृह हाय!"

"आन् आत काय?"

"आमरी!" शांभवीने वरून सांगितलं.

बाळासो जिना चढून आले, वाकून बघितलं आणि हसत सुटले. "आगं ही तर बांडगुळं! लोक झाडावरनं काढून टाकत्यात, तू घरात पाळालीस व्हय?"

"बांडगूळ झाडाचा रस पितं, काका. ही नुसती फांदीवर बसतात. हवेवर आणि पावसावर जगतात."

"मंजे आमच्या पावण्यांपेक्षा बरी म्हणायची!"

ती रोपं कुठून आली हे मला शांभवीच्या बोलण्यातूनच कळलं. गगनबावड्याच्या वाटेवर, रस्त्याच्या वळणावरची जुनी झाडं तोडली होती. आडव्या पडलेल्या फांद्यांवर आमरीची रोपं जिवंत होती. दोन-चार दिवसांत ती सगळी वाळणार होती. हिने ती पोत्यांत भरायला घेतली, तेव्हा जवळच्या वाडीतला कृष्णात आडवा आला.

"नेतायसा ते न्या. पन शहरातली मानसं नेत्यात ती नेत्यातच. परत कोन येत न्हाई."

"मी येईन. तुमच्या देवराईतल्या झाडांवर परत लावून देईन."

"फुलाला आली तर या. फूल दिसलं तर जगलं म्हनायचं. मेली तर तोंड दावू नका."

तेवढ्यावर तिने शब्द दिला. त्या शब्दाच्या वर मी ताणलेली होते.

सावली देणाऱ्याचं दुःख कोणाला माहीत नसतं. झाडाला निदान आपल्या अंगावर बसलेली आमरी कळते, तिची मुळं सालीला बिलगतात. मी सगळ्यांच्या वर, कोणाला न शिवता. खाली पानं हलताना दिसायची, पण एकही पान माझ्यापर्यंत पोचायचं नाही. ऊन मला मिळायचं, रोपं मात्र लांबच राहायची.

पानं मात्र अशी तरारली की बघत राहावं. गर्द, काळपट हिरवी. शांभवीची आई दानम्मा पाणी मारायला आली की म्हणायची, "अय्य, काय रंग चढलाय! उसाला बी एवढा येत न्हाई." गुरुपाद दुकानातल्या गिऱ्हाइकांना गच्चीवर आणून दाखवायचे आणि रोपांच्या आधी मला बोट लावायचे: "कापड बघा."

पहिला उन्हाळा गेला, फूल नाही. उपटलेली रोपं आहेत, रुळायला वेळ लागणार, असं शांभवी म्हणाली. दुसरा उन्हाळा आला. पानं आणखी काळी, लांब आणि लोळणारी झाली. तुऱ्याचा पत्ता नाही. एका दुपारी ती माझ्याखाली आली आणि रोपांवर तळहात धरून उभी राहिली.

"आप्पा, वर या!"

गुरुपाद धापा टाकत आले.

"माझ्या हाताची सावली दाखवा."

त्यांनी पाहिलं. खाली सगळा एकच अंधुक काळोख. हाताची सावली कुठे पडलीच नव्हती.

"सावली पडायला ऊन लागतं. ह्यांना फुलायला तेच लागतं. ही पानं हिरवी नाहीत, उपाशी आहेत. मिळेल तो उजेड गोळा करायला काळी झालीत."

"उपाशी माणूस असा गुबगुबीत दिसतोय व्हय?"

"ही जाळी चुकीची आहे, आप्पा!"

"जाळीला नावं ठेवू नगंस. असलं कापड गावात मिळायचं न्हाई."

बोलता बोलता ती नळीवर चढली आणि दोऱ्या तोडून तिने मला खाली ओढलं. भर एप्रिल, भर दुपार. मी ओरडू शकत नाही. शकत असते तर एवढंच ओरडले असते: हळू. अंधारात राहिलेल्याला एकदम उन्हात ढकलू नये.

संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरे डाग पडले, चार दिवसांत ते काळे होऊन खपल्या धरल्या. काही रोपं गेलीच. शांभवी जेवायला खाली उतरली नाही. दानम्मा वर आली, तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ऊठ अव्वा. राहिल्यात ती बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पूजेनंतर गुरुपाद एकटे आले. त्यांनी मला उचललं, झटकलं, एका लाकडी दांड्यावर गुंडाळलं. दुकानात ते असाच तागा गुंडाळायचे. मग सांगाड्याच्या एका कडेला तो दांडा बांधला. लेक आली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "गिऱ्हाइकाला तागा जेवढा बघायचा तेवढाच उलगडायचा असतोय. हे सकाळचं ऊन खाऊ दे त्यांना. तापायला लागलं की मी हे ओढतो आणि दुकानाला जातो. उन्हं कलली की तुझी आई गुंडाळंल. चालंल?"

शांभवीने मान हलवली. ते चुकलो म्हणाले नाहीत, तीही म्हणाली नाही. या घरात माफी अशीच मागतात.

ते माझे सगळ्यांत चांगले दिवस. रोज सकाळी त्यांचे हात मला उलगडायचे, रोज दुपारनंतर दानम्मा पुटपुटत गुंडाळायची. गुरुपादांचं दुकान उशिरा उघडू लागलं. पावसाळ्यात, ढग सरकेनासे झाले की मला अजिबात ओढायचं नाही, असं ठरलं. पानं हळूहळू पिवळसर हिरवी झाली, जाड आणि ताठ. बाळासो म्हणाले, "कावीळ झाली वाटतं!" शांभवी पहिल्यांदा हसली. तिला तोच रंग हवा होता.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात पानांच्या बेचक्यातून हिरवी टोकं डोकावली. मी ती वरून पाहिली. ती वाढत होती, खाली झुकत होती. मग पावसाने सलग आभाळ धरलं. माझी गरज संपली. गुरुपादांनी मला काढलं आणि जिन्याखालच्या अडगळीत ठेवलं.

त्यामुळे फुलं मी पाहिलेली नाहीत.

मी ऐकली आहेत. वरून दानम्माचा आवाज आला, "शिवशिवा! वेणी बघा, वेणी!" सीतेची वेणी म्हणतात ती हीच, हे मला तेव्हा कळलं. पांढऱ्यावर जांभळे ठिपके, असं शांभवी कोणाला तरी फोनवर सांगत होती. बाळासोंचे पाय जिन्यावर धडधडले. "आयला! बांडगुळाला गजरा!" आणि बराच वेळ गुरुपाद नाक ओढत होते.

पुढच्याच आठवड्यात जीप आली. सगळी रोपं गेली. कृष्णातने देवराईची वाट स्वतः दाखवली, शांभवी फुलं घेऊन परत आली म्हणून वाडीतल्या बायकांनी तिची ओटी भरली, हे मी जिन्याखाली ऐकलं. दिलेला शब्द तिने पाळला होता.

मग ती गडहिंग्लजला प्राध्यापक झाली. माझ्यावर सांडगे वाळले, मंडळाच्या गणपतीमागे मी डोंगर झाले, बाळासोंच्या म्हशीवर एक उन्हाळा काढला. परत आले तेव्हा मला एक कडा कमी होती. गुरुपाद आता दुकानात जात नसत. तरी कधी कधी सकाळी ते वर येत, मला रिकाम्या सांगाड्यावर ओढत आणि खाली बघत उभे राहत. खाली फरशी होती. त्यांनी येणं थांबवलं तेव्हा घरात खूप माणसं आली होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी शांभवी आली, बरोबर कॉलेजची मुलं. शाहूवाडीकडे पुन्हा झाडं पडली होती, पुन्हा रोपं वाचवली होती, यावेळी थेट कृष्णातच्या देवराईतल्या खोडांवर बांधायची होती. बांधायला मऊ, न कुजणारं काहीतरी हवं होतं. तिने माझ्यातला अजून धड असलेला भाग निवडला आणि कात्रीने लांब पट्ट्या कापल्या. मुलांनी त्या गळ्यात घालून फोटो काढले. माझा तो भाग आता रानात आहे. जशा रोपांना मी दोन वर्षं नुसतं वरून पाहिलं, तशाच रोपांना तो शिवून आहे. पण मला, इथल्या मला, त्याची काही खबर नाही.

म्हणून बोलतेय. ती पट्टी कायमची नसते. मुळांनी खोड धरलं की गाठ सोडायची असते, नाहीतर वाढत्या मुळांना तीच काचते. शांभवीची बदली लांब झाली. मुलं शिकून पांगली. पाऊस सरला की जाऊ, असं ती सुट्टीत इथे आली की फोनवर ठरतं आणि राहतं. बांधायला सगळे येतात, हारतुरे होतात, फोटो निघतात. सोडायला कोणी येत नाही. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो.

माझं राहू द्या. मी इथे भुसा होईन. फक्त मला पेटवू नका, पंचगंगेत टाकू नका. पण तुम्ही कधी गगनबावड्याकडे गेलात, तर कृष्णातच्या वाडीत थांबून देवराईची वाट विचारा. खोडांवर फिकट हिरव्या पट्ट्या दिसतील. हात लावून बघा, मुळं घट्ट झाली असतील. तिथल्या माझ्या गाठी सोडा.

पुढच्या पावसाची वाट बघू नका. एव्हाना तिथे काचत असेल.