उस्तादाचा वाटा

सत्यम सरांनी अकरा नावं वाचली. माझं त्यात नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात अम्मीने आणलेला डबा होता, अजून गरम.

मी आधी हसले, खरंच. वाटलं, चुकून राहिलं. डावीकडून पळणारी आमच्या फुटबॉल क्लबात मी एकटीच आहे. ही बढाई नाही, आमची गोलकीपर मोनिका आहे, तिला विचारा. माझ्या शॉटने तिचे हात सुजतात. आणि आज जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघे जण मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसले होते. खेळेल ती दिसेल. बाकावरची कुणाला दिसते?

"सर, माझं नाव?"

"पर्सनल बॅचवाल्या मुली आधी, बेटा. सेकंड हाफमध्ये बघू."

पर्सनल बॅच म्हणजे संध्याकाळी तेच मैदान, तेच प्लास्टिकचे कोन, तीच शिट्टी. फक्त मुली कमी आणि फी वेगळी. आमचे अब्बू वाळूजला कंपनीत आहेत. आकडा ऐकून ते एवढंच म्हणाले, "इतने में तो पूरे सरच घर को आ जाते."

अम्मीला मात्र काळजी नव्हती. नाना, म्हणजे तिचे वडील, हिमरूचं कापड विणायचे. त्यांच्या घरी स्वयंपाक झाला की पहिला वाटा डब्याच्या झाकणावर निघायचा, विणकाम शिकवणाऱ्या उस्तादाचा. मग पोरांना. उस्तादाने तुमच्या घरचं खाल्लं म्हणजे तुम्हाला शागिर्द मानलं. मग तो वेगळं काही मागत नाही, आणि तुम्हाला मागेही ठेवत नाही. म्हणून ईदपासून दर रविवारी अम्मी पहाटे उठून मटणाचा खलिया शिजवायची, भट्टीवरून नान मागवायची आणि आमच्या तोंडात घास पडायच्या आधी सरांचा डबा भरायची. सर "भाभी, एक नंबर" म्हणायचे. अम्मी घरी येऊन अब्बूंना सांगायची, "उस्ताद ने खाया. अब फिकर नक्को."

आता ती मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडे उभी होती. दोरीच्या आत पालकांना बंदी आहे. तिच्या शेजारी मोनिकाचे पप्पा, राजेंद्रकाका होते. ते करमाडहून मोटरसायकलवर मोनिकाला आणतात.

"भाभी, डब्यानं काय व्हत नाय," काका हळूच म्हणाले. "मी भरतो की पर्सनलचे. आता म्हणतेत, गोलकीपरचं अजून येगळं. रात्रीबी ओव्हरटाइम करायलोय."

"मग बोलत का नाय तुम्ही?" अम्मीने विचारलं.

"बोललो की पोरगी बाकावर."

मागे उभ्या असलेल्या सगळ्या आईबापांचं हेच. आपसात उकळायचं आणि सर दिसले की "गुड मॉर्निंग सर". मला त्या गुड मॉर्निंगचीच सगळ्यात जास्त चीड येते.

अम्मी दोरीखालून वाकून आत आली.

"सर, तुम्ही आमच्या घरचं खाल्लं ना? इतके महिने?"

"हो भाभी. मस्त असतं."

"मग पोरगी बाहेर कशी?"

सर हसले. कुत्सित नाही, अगदी गोड. त्यानेच माझं डोकं फिरलं.

"भाभी, ते तुम्ही प्रेमानं आणता. मी कधी मागितलं का?"

अम्मी सरांच्या हातातल्या डब्याकडे बघायला लागली. माझी अम्मी. मी शॉर्ट्स घालून खेळते म्हणून मामू चिडले होते, मोहल्ल्यातल्या खाला, म्हणजे शेजारच्या मावश्या, दारात येऊन बोलून गेल्या होत्या. प्रत्येकाला तिने एकच उत्तर दिलं होतं, "उस के उस्ताद हैं, वो संभालते." त्या एका शब्दावर तिने सगळ्यांना परतवून लावलं होतं. आणि सरांना तो शब्दच कळला नव्हता.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला, "संध्याकाळी पैसे घेऊन शिकवता ते सकाळी का नाही शिकवत? आम्ही सकाळची फी भरतोच ना?"

खुर्च्यांवरचे दोघे वळून बघायला लागले. दोरीपलीकडे एकही जण हलला नाही. राजेंद्रकाका बुटांकडे बघत होते.

"बघा भाभी, हा ॲटिट्यूड. म्हणून घेत नाही हिला."

"आत्ता तर पर्सनल बॅच म्हणालात."

सरांनी शिट्टी तोंडात धरली, म्हणजे विषय संपला. अम्मीने हात पुढे केला.

"डबा द्या."

"अहो, असू द्या. खाईन नंतर."

"नाय. द्या."

दिलेलं अन्न परत मागणं आमच्याकडे फार वाईट समजतात. अम्मीचा चेहरा लाल झाला होता, पण हात तसाच पुढे होता. सरांनी डबा दिला.

मॅच सुरू झाली. मी बाकावर बसले. अम्मी दोरीबाहेर गेली नाही. माझ्या पायाशी, मातीत, ओढणी सावरून बसली आणि तिने डबा उघडला. वास सगळीकडे पसरला. तिने नान मोडला, खलियात बुडवला आणि सवयीने पहिला तुकडा झाकणावर काढून बाजूला सरकवला. मग त्या झाकणाकडे बघत राहिली.

"युसरा, मॅचच्या वेळी खायचं नसतं," सर लांबून ओरडले.

"मी कुठं खेळतेय?"

अम्मीने झाकण माझ्यासमोर धरलं.

"हा उस्तादाचा आहे," मी म्हणाले.

"खा."

डाव्या कडेने चेंडू घरंगळत आला. तिथे आमचं कुणी नव्हतं. तो आमच्यासमोरून रेषेबाहेर गेला आणि दोरीला लागून थांबला. अम्मी त्याच्याकडे बघत होती. मी तो तुकडा खाल्ला, आणि झाकणावर रस्सा राहिला होता, तोही बोटाने पुसून घेतला.