शेपटीवाला डाग

तिला सगळे खटका म्हणायचे, कारण दाबला की लागलाच. शाळेत गणिताच्या बाईंनी दाबला आणि ही दप्तर उचलून जी निघाली, ती परत फिरकलीच नाही. तेव्हापासून बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात, इस्त्र्या आणि मिक्सरच्या ढिगात बसून सगळ्यांच्या चुका काढत होती.

शेवटी बाबा वैतागले. वरच्या फळीवरचं त्यांच्या लहानपणचं वाफेचं इंजिन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. पेल्याएवढा पितळी बॉयलर, एक चाक, एक शिट्टी.

"आणलं तेव्हापासून बंद आहे. हीटरच बोगस होता, कंपनीचीच खोट," ते म्हणाले. "हे चालवून दाखव. चाललं तर टेबलाची अर्धी बाजू तुझी. नाही चाललं तर सोमवारी शाळेच्या फॉर्मवर मुकाट्यानं सही."

"आणि चाललं तर फॉर्म फाडायचा."

"आधी चालव, बाईसाहेब."

तसला हीटर आता कुठेच मिळत नव्हता. खटकानं भंगारातल्या इस्त्रीची तार सोडवली, हवी तेवढी मोजून तोडली, अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळली आणि जुन्या खाचेत घट्ट बसवली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बॉयलरमध्ये पाणी घालून तिनं बटण दाबलं.

पाणी कुरकुरलं, वाफ आली, चाक फिरलं. आणि वीजवाल्या घराण्याची दोन्ही माणसं, बाप आणि लेक, मीटरवर वाकली.

"करंट वाढतोय?"

"जागचा हलत नाही."

"बॉडीला शॉक?"

"शून्य. बघा तुम्हीच."

काटा कसा शहाण्यासारखा उभा होता. दोघं त्याचं कौतुक करत बसली आणि इकडे चाक मंदावून थांबलं. मग जळका वास आला, बॉयलरचा सांधा उसवला आणि वितळलेलं कथील टपकन टेबलावर पडलं. पाणी कधीच आटलं होतं. हीटरला त्याचं काय, वीज येतेय तोवर तापायचं.

"झालं," बाबा म्हणाले. "सोमवार."

"तुम्ही कुठे बघत होता?"

"मीटरकडे."

"मी पण."

"इंजिन तुझं होतं."

खटकाची कानशिलं तापली. बॉयलर उचलून फेकायलाच निघाली होती, पण हात थांबला. सांधा अर्धाच वितळला होता. उरलेल्या अर्ध्यावर कुणीतरी हातानं दिलेला जुन्या कथलाचा डाग होता आणि त्याच्या टोकाला बारीक शेपटी सुटली होती. दुकानात अशी शेपटी एकाच माणसाची सुटते. कितीदा तिनं त्यावरून बाबांना चिडवलं होतं.

तिनं बॉयलर त्यांच्या नाकासमोर धरला. "हा डाग कंपनीनं दिला का?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती वर्षांचे होतात?"

"अकरा," ते म्हणाले. "शिट्टी वाजवत बसलो होतो. पाण्याकडे लक्षच नव्हतं."

"मग तुम्हाला कुणी घातलं शाळेत परत?"

"मी शाळा सोडलीच नव्हती."

"तो वेगळा विषय आहे," खटका म्हणाली आणि कथलाची तार ओढून घेतली. "बंद कोणी पाडलं, ते बोलतोय आपण. मी अजून हरलेली नाही. सोमवार उद्या आहे."

तिनं सांधा नव्यानं जोडला. शेपटी न सोडता. मग त्याच इस्त्रीचा थर्मोस्टॅट काढून बॉयलरच्या पोटाशी बसवला. पाणी आटून पितळ जास्त तापलं की वीज आपोआप तुटणार. बाबा बघत होते, पण सल्ला देत नव्हते. त्यांच्या बाबतीत हे नवीनच होतं.

"बटण मी दाबते," ती म्हणाली. "पाण्यावर तुम्ही लक्ष ठेवा. मीटर ठेवा कपाटात."

चाक फिरलं. फिरतच राहिलं. पाणी संपत आलं तशी थर्मोस्टॅटनं टक् करून वीज तोडली आणि इंजिन आपलं आपण, शहाण्यासारखं थांबलं. सांधा जागेवर होता.

बाबांनी खिशातून फॉर्म काढला. फाडला मात्र नाही. चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला.

"पुढच्या वर्षी परत विचारीन," ते म्हणाले.

"विचारा," खटका म्हणाली आणि टेबलाच्या अर्ध्या बाजूवरचे त्यांचे पकडी-पाने कोपरानं पलीकडे लोटले.