दिवेलागणीनंतरचं गोड

रत्नाबाईंच्या घरात दिवे लागले की मिठाला मीठ म्हणत नसत. गोड म्हणत. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. सासूबाई गेल्या, रीत राहिली. तिन्हीसांजेला लक्ष्मी उंबऱ्यात असते, तिच्या कानावर खारट काही जाऊ नये, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. रत्नाबाईंनी त्यापुढं विचारलं नाही. विचारण्यापेक्षा पाळणं त्यांना सोपं जाई. देवाआधी जीभ लावायची नाही, म्हणून स्वयंपाक करताना त्या चाखतही नसत. आणि समई लावून माळ हातात घेतली की नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. तोंडातून शब्द नाही.

त्या संध्याकाळी समई लावून त्या पाटावर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. माळ अजून हातात घेतली नव्हती, म्हणून त्यांनी उचलला. रुपाली होती.

"काकू, वाटण भाजून झालं, रश्श्याला उकळी आली. आता पुढं काय? पाहुणे येऊन बसलेत."

"आता गोड घाल," रत्नाबाई म्हणाल्या. "हात आखडू नको. मासवडी रस्सा पिती. गोड कमी पडलं का नुसतं तिखट पाणी लागतं बघ."

"किती घालू?"

"पातेलं मोठं हाय ना? मग चांगलं अर्धी मूठ घाल."

"अर्धी मूठ?" रुपाली जरा थांबली. "बरं काकू. तुम्ही सांगताय म्हणजे घालते."

फोन ठेवून रत्नाबाईंनी माळ हातात घेतली. स्वयंपाकघरात त्यांची स्वतःची आमटी मंद आचेवर होती. तिला उकळी आली की उठायचं, जे घालायचं ते मुक्यानंच घालायचं, हे रोजचं.

रुपाली त्यांच्या नात्यातली नव्हती. ओळख झाली ती 'आज काय शिजलं' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. शेजारच्या हाजराबीचा सलीम, बाजारपेठेतला मसालेवाला, त्यानं तो ग्रुप काढला होता. जुन्नरचे, मंचरचे, पुण्याचे खवय्ये रोज रात्री आपापल्या ताटाचा फोटो टाकत. पुण्याची काही मंडळी ताटाशेजारी वाईनचा ग्लासही ठेवत आणि त्यावर लांबलचक चर्चा करत. रत्नाबाई नैवेद्य झाल्यावर आपलं वरण-भाताचं ताट टाकत, तर सलीम खाली लिही, "मावशीच्या वरणाबरोबर कोणती वाईन चालेल, जाणकारांनी सांगावं." रुपाली त्याच ग्रुपवरची. महाळुंगे पडवळला तिच्या नवऱ्याच्या, भरतच्या मळ्यात द्राक्षं होती, तो ती वाईनवाल्यांना घालायचा. दोघांनी मळ्यात मांडव घातला होता. पुण्याच्या माणसांनी यावं, बागेत हिंडावं, वाईन चाखावी, इथलं जेवावं. आजची पंगत पहिली. ही जमली तर दर शनिवारी. नाही जमली तर मांडव उतरवायचा, असं भरतची आई प्रयागबाई आधीच बोलून बसली होती. "पावण्याला पैशे घेऊन जेवू घालायचं? शोभतं का आपल्याला?" आणि रुपालीनं निमंत्रणात लिहिलं होतं: रत्नाकाकूंची मासवडी.

माळेचे मणी सरकत होते. नाम चालू होतं, पण मन मळ्यातल्या पातेल्याशी. पोरगी थांबली का मघाशी? अर्धी मूठ म्हटल्यावर अडखळली का?

आणि मग रत्नाबाईंचं बोट एका मण्यावर अडलं.

रुपाली बडोद्यात वाढलेली. माहेर मराठी, पण तिकडचं पाणी लागलेलं. तिच्या आईच्या वरणात गूळ पडतो, हे तिनंच एकदा ग्रुपवर लिहिलं होतं आणि सगळ्यांनी तिची चेष्टा केली होती. तिला काय ठाऊक जुन्नरच्या एका घरात दिवे लागल्यावर गोड कशाला म्हणतात?

त्यांनी नाम पुन्हा धरलं. सुटलं. पुन्हा धरलं. पाटाशेजारी ठेवलेला फोन उजळला. बघायचं नाही असं ठरवून त्यांनी बघितलं. पुण्याच्या एका पाहुण्यानं फोटो टाकला होता. चुलीवर लालभडक रस्सा, बाजूला रुपालीचा हात, हातात गुळाचा खडा. खाली लिहिलेलं: "रश्श्यातलं गुपित. रुपालीताई म्हणतात, गुरूची आज्ञा आहे."

दुसऱ्यानं विचारलं होतं, "मासवडीबरोबर लाल घ्यावी की पांढरी?"

सलीमनं दुकानातूनच उत्तर दिलं होतं: "आमच्याकडं काळी घेतात. बाजरीची भाकरी."

रत्नाबाईंना हसू आलं नाही. लसूण-तिळाच्या रश्श्यात अर्धी मूठ गूळ, आणि मीठ नाहीच. त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. बोटं म्हणजे काही जीभ नव्हे, असं मनाला सांगून त्यांनी फोनवर टाइप केलं: गोड म्हणजे गूळ न्हवं. पुढचा शब्द लिहायला बोट धजेना, म्हणून तेवढंच पाठवलं. बरोबरच्या दोन खुणा आल्या, पण निळ्या होईनात. पोरीचे हात पिठात असणार. फोन कोण बघतंय.

नैवेद्यापर्यंत थांबावं तर तोवर तिकडं पानं वाढली जायची.

त्यांनी शेगडी बंद केली, माळ मनगटाला गुंडाळली आणि तशाच शेजारी गेल्या. हाजराबी नमाज उरकून जानमाजची घडी घालत होत्या.

"काय गं रत्ना? यावेळेला?"

रत्नाबाईंनी फोन पुढं केला, रुपालीचं नाव दाखवलं, कानाला हात लावला.

"लावू? लावते की. मौनात हायेस, माहितीये मला. बोलू काय तिला?"

रत्नाबाईंनी चिमूट केली, हवेत भुरभुरली.

"हळद?"

मान हलली.

"अंगारा? पोरीला नजर लागली का काय?"

रत्नाबाईंनी जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं.

"अगं बया. उलट्या व्हायल्यात?" हाजराबींनी घाबरून फोन लावला. "हॅलो रुपाली, बेटा, तुला उलट्या व्हायल्या का? न्हाई? मग ही रत्ना बघ दारात उभी राहून काय काय करायलीये. मला तर कळंना."

फोनमधून भांड्यांचा आवाज आला, माणसांचं हसणं आलं. "काकू? काय झालं? लवकर सांगा, पानं घेतलीयेत."

रत्नाबाईंनी डोळे मिटले. अंगणातल्या तुळशीपुढचा दिवा त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होता. मग त्यांनी फोन हाजराबींच्या हातातून घेतला.

"मीठ," त्या म्हणाल्या. "मीठ घाल, रुपाली. मीठ."

हाजराबींनी पदर तोंडाला लावला.

"घातलं की काकू," रुपाली म्हणाली. "तुम्ही सांगितला तसा आधी गूळ घातला थोडा. चाखून बघितलं तर कसंसंच लागलं. म्हणून बाकीचा राहू दिला, मीठ घातलं, वाटण वाढवलं. परत चाखलं. आता छान झालंय. रागावलात का, तुमचं ऐकलं नाही म्हणून?"

रत्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. चाखून बघितलं. एवढं साधं. रांधणारी बाई रांधता रांधता चाखते, ही गोष्ट संध्याकाळभर त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. जन्मात कधी चाखलं असतं तर आली असती.

"न्हाई गं. रागावू कशाला," त्या म्हणाल्या. "वाढ पानं. पाहुणे खोळंबलेत."

फोन परत देताना हाजराबी हळूच म्हणाल्या, "मोडलं ना गं तुझं?"

"मोडलं."

"तिच्यासाठी मोडलं. कळतंय ते वरच्याला."

"त्याला कळंल हो. मलाच काय सुचंना झालंय."

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले. मोडलेली माळ पुढं नेत नाहीत, म्हणून पहिल्या मण्यापासून धरली. पण नाम काही स्थिर होईना. फोन पुन्हा पुन्हा उजळत होता: मांडव, मासवडीच्या वड्या, ग्लास, प्रयागबाई स्वतः भाकरी वाढताना. माळ संपेपर्यंत आमटी निवून गेली. ती तापवून, पान वाढून त्यांनी नैवेद्य दाखवला आणि पहिला घास घेतला.

आमटीत मीठ नव्हतं.

त्या घास तोंडात धरून तशाच बसल्या. देवाला अळणी गेलं. आजवर असं झालं नव्हतं. त्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. समई नेहमीसारखीच जळत होती.

मग त्यांनी रोजच्यासारखा ताटाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज आमटी अळणी झाली. देवानं तशीच खाल्ली."

सलीमनं लिहायला सुरुवात केलेली दिसत होती. त्याच्याआधी रुपालीचं आलं. तिनं तो न वाचलेला निरोप आत्ता वाचला असावा.

"काकू, गोड घाला की."

रत्नाबाई मिठाची बरणी घ्यायला उठल्या, आणि बरणी हातात घेऊन, आतल्याला आता गोड म्हणावं की मीठ, या विचारात कितीतरी वेळ फडताळापाशी उभ्या राहिल्या.